वीस यार्ड

खूप दिवस हे लिहायचं डोक्यात होतं, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचत नव्हतं. आईला फोनवर दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अगं, लिहून काढ एकदाचं, म्हणजे मामालाही वाचता येईल." तर मामा, हे मुख्यतः तुझ्यासाठी. (बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, अर्थातच!) तुझ्यासाठी का, ते शेवटी येईलच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लुईस बेटावर गेलो होतो. स्कॉटलंडचा नकाशा घेतला तर वर डाव्या कोपऱ्यात, मुख्य भूमीपासून सुटून पडल्यासारखी जी बेटांची रांग दिसते, त्यातलं सगळ्यात उत्तरेचं. अलापूलहून मोठी फेरीबोट निघते, गाडी तिच्या पोटात घालायची आणि पावणेतीन तासांनी स्टॉर्नोवेला उतरायचं. आमचं निमित्त काही इतिहास वगैरे नव्हतं. नवऱ्याला कॅलनिशचे ते पाच हजार वर्षांपूर्वीचे उभे दगड बघायचे होते, आणि मला नुसतं चार दिवस समुद्राकाठी बसायचं होतं. दगड बघितले. छान आहेत. पण मी परत आले ती एका बोटीची गोष्ट घेऊन.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई सत्तरीच्या. नाश्ता वाढताना सहज विचारलं की दुपारी कुठे जाणार. म्हटलं, हवा चांगली असेल तर चालायला जाऊ कुठेतरी. तर म्हणाल्या, "होमच्या टोकाला जाऊन या." आणि मग जरा थांबून, चहाची किटली टेबलावर ठेवत, "माझ्या आजोबांचा भाऊ तिथे गेला." गेला म्हणजे कुठे गेला, हे मला तेव्हा कळलं नाही. मी बावळटासारखं विचारलंसुद्धा!

त्या बोटीचं नाव युलरे. (स्पेलिंग बघून मी आधी 'आयोलेअर' वाचलं होतं, बाईंनी न हसता दुरुस्त केलं.) गेलिक भाषेत युलरे म्हणजे गरुड. पण ती बोट जन्माने युलरे नव्हतीच. तिची खरी कुंडली काढायला मला नंतर ग्लासगोच्या लायब्ररीत बरेच शनिवार घालवावे लागले.

बोट १८८१ सालची. एडिंबरोचं बंदर म्हणजे लीथ, तिथल्या रॅमेज अँड फर्ग्युसन यांच्या गोदीत बांधलेली. श्रीमंतांच्या यॉट बांधण्यासाठी ही गोदी प्रसिद्ध होती. आपल्याला यॉट म्हटलं की पांढऱ्या शिडाची छोटी नाव डोळ्यांसमोर येते, पण त्या काळातली स्टीम यॉट हे वेगळंच प्रकरण होतं. वाफेचं इंजिन, शिवाय दोन डोलकाठ्या, नाळेला पुढे काढलेलं नक्षीदार टोक, आत लाकडी पॅनेलचे दिवाणखाने. आपल्याकडे संस्थानिकांचे स्वतःचे रेल्वेचे डबे असायचे ना, तसंच काहीसं. मालक, त्याचे दहाबारा पाहुणे, आणि त्यांची बडदास्त ठेवायला खलाशी, खानसामे. उन्हाळ्यात नॉर्वेचे फिओर्ड, हिवाळ्यात भूमध्य समुद्र. आमची ही बोट लांबीला जेमतेम १८९ फूट. जन्मनाव आयोलँथी. मग मालक बदलले तसं नाव बदलत गेलं, आधी मिओन, मग अमॅल्थिया. अमॅल्थिया म्हणजे ग्रीक पुराणातली, बाळ झ्यूसला दूध पाजणारी बकरी! बोटीचं नाव बदलू नये असं जगभरचे खलाशी मानतात. मी तसलं काही मानत नाही, पण हिची नावं मोजताना मनात येऊन गेलंच.

युद्ध आलं की असल्या बोटींना गणवेश चढतो. याची सुरुवात युरोपातल्या युद्धाच्याही आधीची आहे. १८९८ साली अमेरिका-स्पेन युद्धात अमेरिकन नौदलाने जे. पी. मॉर्गन या बँकवाल्याची 'कॉर्सेर' नावाची यॉट विकत घेतली, तोफा बसवल्या आणि नाव ठेवलं 'ग्लूस्टर'. क्यूबातल्या सँटियागोच्या लढाईत, ३ जुलैला, ह्या सजवलेल्या बोटीने स्पेनच्या दोन विनाशिकांवर हल्ला चढवला आणि पुढे स्पॅनिश ॲडमिरल सर्व्हेरालाच वाचवून कैदी म्हणून आपल्या डेकवर घेतलं. तिचा कप्तान वेनराइट. हवानाच्या बंदरात स्फोटात बुडालेल्या 'मेन' युद्धनौकेवरचा तो दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. सिनेमात शोभावी अशी ही गोष्ट, आणि अमेरिकन पुस्तकांत ती तशीच सांगतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तर अशा यॉट डझनांनी ताब्यात घेतल्या. कारण साधं होतं. जर्मन पाणबुड्या किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत होत्या, सुरुंग पेरत होत्या, आणि नौदलाच्या खऱ्या युद्धनौका मोठ्या आरमाराबरोबर अडकलेल्या. मग मासेमारीचे ट्रॉलर आणि ड्रिफ्टर भाड्याने घेतले, त्यांच्या तुकड्या केल्या, आणि पुष्कळ तुकड्यांच्या पुढे एकेक यॉट दिली. यॉटीला वेग जास्त, वायरलेस बसवायला जागा, आणि तोफेचा भार पेलेल इतकी ती भक्कम. निवृत्त झालेले ॲडमिरलसुद्धा हौसेने खालच्या हुद्द्यावर येऊन या बोटींवर कामाला लागले. आपले लिप्टन चहावाले, सर थॉमस लिप्टन, त्यांची 'एरिन' नावाची यॉटही अशीच गेली. नौदलात तिचं नाव ईगुसा झालं आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये माल्टाजवळ सुरुंग लागून ती बुडाली. पिवळ्या पुड्यावरचं ते नाव लहानपणापासून बघतोय, पण त्या माणसाची बोट युद्धात बुडाली हे मला आत्ता कळलं.

अमॅल्थियाही १९१५ मध्ये नौदलात आली. गस्त घातली, पाणबुड्या शोधल्या. रोजचं, कंटाळवाणं, थंडीने बधिर करणारं काम. तिच्या नावावर काही मोठा पराक्रम नाही. १९१८ च्या शेवटी तिला स्टॉर्नोवेला पाठवलं. तिथल्या नौदलाच्या तळाचं नाव 'युलरे', कारण आधी तिथे त्याच नावाची दुसरी यॉट तळाचं मुख्य जहाज म्हणून होती. ती खरी युलरे, १९०२ सालची, जहाज कंपनीचे मालक सर डोनल्ड करी यांची. आता तिच्या जागी अमॅल्थिया आली, आणि तळाचं नाव चालू राहावं म्हणून दोघींनी चक्क नावांची अदलाबदल केली! जुनी युलरे अमॅल्थिया झाली आणि अमॅल्थिया युलरे. कागदावरची सोय. पण या सोयीमुळे पुढे कित्येक वर्षं लोक समजत राहिले की बुडाली ती करीसाहेबांची सुंदर नवी यॉट. बुडाली होती ती सदतीस वर्षांची म्हातारी, दुसरीचं नाव लावलेली.

आता त्या बेटाबद्दल थोडं. लुईसची तेव्हाची वस्ती तीस हजारांच्या आत, आणि त्यातून सहा हजारांहून जास्त पुरुष युद्धावर गेले. हजाराच्या आसपास परत आले नाहीत. नौदलात गेलेले बहुतेक 'रॉयल नेव्हल रिझर्व्ह'चे, म्हणजे मुळात मासेमारी करणारे, वर्षातून ठरावीक दिवस कवायत करून चार पैसे मिळवणारे. आपल्या कोळीवाड्यातल्या माणसांसारखेच, समुद्र अंगात मुरलेले. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि नववर्षासाठी त्यांना रजा मिळाली. स्कॉटलंडमध्ये तेव्हा ख्रिसमसपेक्षा नववर्ष मोठं. (ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी इथे १९५८ मध्ये सुरू झाली, सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.) ३१ डिसेंबरच्या रात्री घरी असणं म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरी असणं. आणि हे तर चार वर्षांनंतरचं, शांततेचं पहिलं नववर्ष.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी काइल ऑफ लॉखाल्श या छोट्या बंदरात आगगाड्या भरभरून माणसं आली. रोजची टपालबोट 'शीला' एकटी पुरी पडणार नव्हती. म्हणून स्टॉर्नोवेला तार गेली आणि युलरे मागवली गेली. तिचे निम्मे खलाशी स्वतःच रजेवर. कप्तान होते कमांडर मेसन. त्यांच्या बोटीत शंभर माणसं मावतील इतक्याच होड्या आणि ऐंशी लाइफजॅकेट. चढले दोनशे ऐंशीच्या आसपास.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. ऐंशी लाइफजॅकेट म्हणजे त्या बोटीच्या मूळ आयुष्याला ते भरपूरच होते. मालक, पाहुणे, खलाशी, सगळ्यांना पुरून उरतील इतके. तोफा बसवल्या, रंग बदलला, बावटा बदलला, नाव बदललं. पण पोट यॉटीचंच राहिलं. ती कधीही प्रवासी बोट नव्हती, आणि त्या संध्याकाळी तिला ते काम दिलं गेलं कारण ती तिथे होती, माणसांना घरी जायची घाई होती, आणि "एवढीशी तर खाडी ओलांडायची आहे" असं सगळ्यांनाच वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. ज्यांना शीलावर जागा मिळाली ते त्या रात्री सुखरूप घरी पोचले. धक्क्यावर कुठल्या रांगेत उभे राहिलात, एवढाच फरक.

साडेसातच्या सुमारास युलरे निघाली. आधी हवा बरी होती. मध्यरात्र उलटून गेली, बोटीवर लोकांनी एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, आणि स्टॉर्नोवेचे दिवे दिसू लागले. मग दक्षिणेकडून वारा वाढला, लाटा उठल्या.

स्टॉर्नोवे बंदराचं तोंड मी दिवसा, स्वच्छ उन्हात पाहिलं, तेव्हाच कळलं की ते किती अरुंद आहे. आत शिरताना डाव्या हाताला अर्निशचा दीपस्तंभ, उजव्या हाताला होमचं टोक. होमच्या टोकापुढे पाण्यातून वर आलेले खडक. त्यांना 'बीस्ट्स ऑफ होम' म्हणतात, होमची जनावरं. अर्निशला १८५३ पासून दिवा होता, होमच्या बाजूला तेव्हा काहीच नव्हतं. युलरे जितकी डावीकडे वळायला हवी होती तितकी वळली नाही. 'स्पायडर' नावाची एक मासेमारीची बोट तिच्या मागून येत होती. तिच्यावरच्या माणसांच्या लक्षात आलं की पुढची बोट वळत नाहीये. युलरेच्या डेकवरच्याही काही जणांना कळत होतं. अख्खं आयुष्य त्याच पाण्यात गेलेली माणसं ती, डोळे बांधले तरी घरचं बंदर ओळखणारी. पण ते खलाशी होते, वर पुलावर अधिकारी होते, आणि चार वर्षं नौदलात काढल्यावर अधिकाऱ्याला जाऊन "साहेब, रस्ता चुकताय" असं सांगायची सवय राहत नसावी. हा माझा अंदाज, चौकशीच्या कागदात असं कुणी लिहिलेलं नाही.

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी बोट खडकावर आदळली.

किनारा वीस यार्डांवर होता. साठ फूट. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत असेल इतकं. बंदर एक मैलाच्या आत. गावातले दिवे दिसत होते. पण मध्ये खडक, फुटणाऱ्या लाटा, काळोख आणि जानेवारीचं पाणी. बोटीची मागची बाजू किनाऱ्याकडे फिरली. होड्या सोडल्या त्या लाटांनी भरून बुडाल्या. किती तरी जणांनी किनारा इतका जवळ बघून उड्या मारल्या. अंगात जाड कोट, पायात जड बूट. शिवाय त्या काळात मासेमारी करणाऱ्यांतही पोहता येणारे थोडेच. आपल्याकडच्या कोळ्याला हे ऐकून नवल वाटेल, पण त्या थंडगार पाण्यात हौसेने पोहणार कोण?

जॉन मॅक्लाउड नावाचा एक जण, बेटाच्या उत्तर टोकाच्या नेसचा, होड्या बांधणारा. त्याने दोरी घेऊन पाण्यात उडी मारली आणि तो किनाऱ्याला लागला. मग त्या दोरीने जाड दोरखंड ओढून घेतला, आणि त्या दोरखंडाला धरून एकेक जण उतरू लागला. बोटीवरून वाचले एकूण ७९, त्यातले चाळीसच्या आसपास त्या एका दोरावरून. मग बोट घसरली आणि दोर गेला. नेसचाच डोनल्ड मॉरिसन डोलकाठीवर चढून बसला. बोट खाली गेली तरी डोलकाठी पाण्याबाहेर राहिली होती. तिथे त्या गारठ्यात तो सकाळपर्यंत लटकून होता, उजाडल्यावर त्याला उतरवला.

किमान २०१ माणसं गेली. अचूक आकडा कुणालाच देता येत नाही, कारण काइलच्या धक्क्यावर चढणाऱ्यांची नीट यादीच केली नव्हती. जुन्या पुस्तकांत २०५ आहे. युद्धातून जिवंत परत आलेली माणसं, घराच्या दारात.

घरोघरी त्या रात्री शेगडीत पीट धगधगत होता. (पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, इकडचं सरपण.) जेवण झाकून ठेवलेलं, कोरडे कपडे ऊबेला टांगलेले. काही गावं स्टॉर्नोवेपासून वीसपंचवीस मैलांवर. तिथे बातमी पोचायला सकाळ उजाडली, आणि मग बाप, भाऊ घोडागाड्या घेऊन शहराकडे निघाले, मुलगा आणायला. किनाऱ्यावर प्रेतांबरोबर खेळणी आली होती. माणसांनी पोरांसाठी घेतलेली. मी बरंच काही वाचलं, पण या एका वाक्यानंतर पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुढचं वाचताना मात्र राग येतो. नौदलाची चौकशी आठवड्याभरात, ८ जानेवारीला, बंद दाराआड झाली. निष्कर्ष असा की अधिकाऱ्यांपैकी कुणी जिवंत नाही, तेव्हा मत देता येत नाही. ती कागदपत्रं १९७० पर्यंत बाहेर आली नाहीत. आणि दुर्घटनेला पंधरा दिवस होतायत तोवर नौदल खात्याने बोटीचा सांगाडा विकायला काढला! अजून कित्येकांची प्रेतं मिळाली नव्हती, त्यातली काही त्याच सांगाड्यात असू शकत होती. बेटावर हाहाकार उडाला. कुठल्यातरी लंडनच्या टेबलावर कुणीतरी नेहमीप्रमाणे एक फॉर्म भरला असेल, दुसरं काय. दुष्टपणाने केलं असतं तरी समजलं असतं.

सार्वजनिक चौकशी फेब्रुवारीत स्टॉर्नोवेला झाली, सात स्थानिक लोकांची ज्युरी. त्यांनी मात्र गुळमुळीत बोलणं टाळलं. बंदरात शिरताना अधिकाऱ्यांनी पुरेशी खबरदारी घेतली नाही, वेग कमी केला नाही, पुढे लक्ष ठेवायला माणूस नव्हता, होड्या आणि लाइफजॅकेट अपुरे होते, आदळल्यावर कुणी हुकूम दिले नाहीत, आणि किनाऱ्यावरून मदतीचं सामान पोचायला गंभीर उशीर झाला. होमच्या बाजूला दिवा बसवावा, आणि इथून पुढे सरकारने सैनिकांच्या प्रवासाची सुरक्षित सोय करावी, अशी शिफारसही केली. बोट डावीकडे का वळली नाही, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. मेसनसाहेब आणि त्यांचे अधिकारी पुलावरून परत आलेच नाहीत. ते दारू प्यायले होते अशी कुजबूज तेव्हा होती, पण साक्ष देणाऱ्या वाचलेल्या माणसांपैकी कुणीच तसं म्हटलं नाही, आणि ज्युरीनेही ते मान्य केलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. एवढ्या दुःखात असताना, सगळा दोष ढकलायला मेलेली माणसं समोर असताना, त्या सात जणांनी जे सिद्ध होत नाही ते लिहिलं नाही.

आणि मग बेट गप्प झालं. हे सगळ्यात नवलाचं. वाचलेले बोलले नाहीत, विधवा बोलल्या नाहीत. १९२३ च्या एप्रिलमध्ये 'मेटागामा' नावाचं जहाज एका दिवसात तीनशेच्या आसपास तरुण मुलंमुली घेऊन स्टॉर्नोवेहून कॅनडाला गेलं. युद्धाची दशा, मासेमारीची मंदी, जमिनीचा प्रश्न, कारणं बरीच होती, पण त्या गप्प घरांतून निघून जावंसंही वाटलं असेल. होमच्या टोकावर स्मारक झालं ते चाळीसेक वर्षांनी. शंभराव्या वर्षाच्या निमित्ताने २०१८ मध्ये स्टॉर्नोवेच्या किनाऱ्यावर लाकडाचे २८० खांब उभारून बोटीचा आकार पूर्ण मापात केला होता. त्याचे फोटो मी पाहिलेत. बोट इतकीशी होती? असंच आधी मनात येतं.

आमच्या घरमालकीण बाई म्हणाल्या की त्यांच्या घरात 'युलरे' हा शब्द त्यांनी लहानपणी कधी ऐकलाच नाही. आजोबा एक जानेवारीला दिवसभर गोठ्यात काम करत बसायचे, एवढंच आठवतं. का ते विचारायचं नाही, हे पोरांना न सांगता कळायचं.

मामा, हे ऐकलं आणि मला आजी आठवली.

तुला माहीतच आहे, आजीचं माहेर रेवसच्या अलीकडे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की तास-दीड तासात माहेरी. पण आजीने जन्मात कधी ती लाँच घेतली नाही. पनवेल, पेण, वडखळ करत, एसटीच्या खडखडाटात, उलट्या करत जायची, पण पाण्यातून नाही. आम्ही पोरं हसायचो तिला. तिचा भाऊ 'रामदास' बोटीवर होता हे मला कॉलेजात असताना आईकडून कळलं, तेही अर्ध्या वाक्यात. १७ जुलै १९४७. गटारीसाठी घरी निघालेली माणसं, सकाळी आठला धक्क्यावरून सुटलेली बोट, आणि काशाच्या खडकाजवळ सगळं संपलं. सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमतील तितकी वाचवली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि सगळा देश त्यात बुडून गेला. आपल्या घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. आम्हीही विचारलं नाही.

होमच्या टोकाला आम्ही संध्याकाळी गेलो. गाडी लावून शेतातल्या वाटेने थोडं चालायचं. वारा होता, पण ऊनही होतं. पाण्यात खडकांवर एक खांब उभा आहे, खूण म्हणून. किनाऱ्यावरून तो इतका जवळ दिसतो की मी नवऱ्याला म्हटलं, दगड मारला तर लागेल. त्याने मारून बघितला नाही, मीही नाही. स्टॉर्नोवेहून सुटलेली फेरी आमच्यासमोरून संथपणे गेली, डेकवरची माणसं दिसत होती, एका पोराने हात केला.

गावात परतल्यावर पुन्हा एकदा नावांची यादी वाचली. गावागावाप्रमाणे लावलेली आहे. तीच तीच आडनावं, मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकडोनल्ड, मॅकिव्हर. बाईंनी आपल्या आजोबांच्या भावाचं नाव बोट ठेवून दाखवलं.

मामा, आजीच्या त्या भावाचं नाव काय होतं? आईला नीट आठवत नाही, ती म्हणते सगळे 'दादा'च म्हणायचे. तुला ठाऊक असेल तर कळव. आणि फोटो असेल एखादा, तर तोही.